अळशीचं तेल लावलेलं लाकूड चिकट राहतं, काळं पडतं: दरवर्षीच्या कटकटीवर उपाय

तक्रार ठरलेली असते. उन्हाळा लागता लागता झोपाळ्याला, दाराला, अंगणातल्या बाकड्याला अळशीचं तेल लावलं. लाकूड असं खुललं की शेजारचे विचारायला आले. मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-भाच्या माहेरी आल्या, झोपाळ्यावर बसल्या आणि उठताना साडी फळीला चिकटली. श्रावण सरता सरता त्याच फळीवर काळे ठिपके. पुढच्या वर्षी माणूस इरेला पेटून आणखी जाड हात मारतो आणि पुन्हा तेच. "काय सांगू भाऊ, तेल सुकसच नही," हे जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही जा, ऐकायला मिळतं.

दोष सगळे तेलाला देतात. माझ्या मते बहुतेक वेळा तेलाचा काही गुन्हा नसतो. ते जास्त झालेलं असतं, चुकीच्या महिन्यात लावलेलं असतं, नाहीतर डब्यात मुळात अळशीचं तेलच नसतं. तुमच्याकडे यातलं काय झालंय ते आधी ओळखा, कारण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आधी डबा तपासा

पाणी उडून जातं तसं तेल उडून जात नाही. अळशीचं, म्हणजे जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाचा घट्ट थर बनतो. हे प्रत्येक तेलाला जमत नाही. त्याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून, म्हणजे तेलाचे रेणू असे गुंतायला किती तयार आहेत ते सांगणाऱ्या आकड्यावरून येतो. अळशीचं साधारण 170 ते 200, करडईचं 140 च्या आसपास, सरकीचं 100 ते 115, शेंगदाण्याचं 85 ते 105 आणि एरंडेलाचं त्याहून थोडं कमीच. ढोबळमानाने 130 च्या वरचं तेल लाकडावर घट्ट होतं. त्याच्या बरंच खालचं तेल कितीही ऊन दाखवा, ओशटच राहतं.

आपल्याकडे कपाशी आणि भुईमूग घरचेच, त्यामुळे सरकीचं किंवा शेंगदाण्याचं तेल लाकडाला चोपडायचा मोह होतो. एरंडेल बैलगाडीच्या आसाला ओंगण म्हणून उत्तम, पण ते उत्तम आहे ते सुकत नाही म्हणूनच. तेच तेल बसायच्या फळीवर नको. करडईचं तेल मात्र चालतं. अळशीपेक्षा उशिरा घट्ट होतं, पण पिवळं कमी पडतं. फिकट लाकडाला मी तेच पसंत करतो.

आणखी एक प्रकार सर्रास दिसतो: वाळवी लागू नये म्हणून अळशीच्या तेलात कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल मिसळणं. दोन्ही न सुकणारी तेलं. थोडीशीही मिसळली तरी सगळा डबा ओशट होऊन बसतो.

शंका असेल तर परीक्षा सोपी आहे. काचेच्या तुकड्यावर तेलाचा एक थेंब बोटाने अगदी पातळ पसरा आणि तो तुकडा खिडकीत, धूळ बसणार नाही असा ठेवा. डबल बॉईल, म्हणजे दुकानातलं लवकर सुकणारं अळशीचं तेल चांगलं असेल तर एक-दोन दिवसांत नखाला पापुद्रा लागतो. कच्च्या अळशीला आठवडा, कधी जास्तही लागतो. त्यानंतरही बोट घसरत असेल तर तेलात भेसळ आहे, नाहीतर तेल वेगळंच आहे. लाकडाला हात लावायच्या आधी ही परीक्षा करा. पुढची सगळी खरवडाखरवड वाचते.

घाण्यावर मिळतं ते खायचं जवस तेल म्हणजे कच्चं तेल. हार्डवेअरच्या दुकानातल्या डबल बॉईल तेलात ते लवकर आवळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, तेव्हा ते खाण्याच्या भांड्यांना, पोळपाटाला लावायचं नाही. घरी कढईत उकळून डबल बॉईल तेल होत नाही, आग मात्र लागू शकते. जुने रंगारी तेल कढवताना मुर्दाडशिंग घालायचे. ते शिशाचं ऑक्साइड, म्हणजे विष. कुणी ती जुनी कृती सांगितली तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

तेल पातळ करायला लागणाऱ्या टर्पेंटाईनचाही डबा असाच तपासून घ्या. अस्सल टर्पेंटाईन चिडाच्या डिंकापासून निघतं, त्याला देवदारासारखा उग्र गोडसर वास येतो. दुकानात टर्पिन म्हणून बहुतेक वेळा हातात पडतं ते मिनरल टर्पेंटाईन, खनिज तेलातून काढलेलं, रॉकेलच्या वासाचं. पातळ करायला आणि पुसायला दोन्ही चालतात. अस्सल मिळालंच तर ते जपून वापरा, महाग असतं.

चिकट राहिलंय

तेल घट्ट व्हायला हवा लागते आणि हवा फक्त वरून मिळते. जाड थर दिला की वरचा पदर आधी आवळतो आणि खालच्या तेलाचा श्वास कोंडतो. वर साय, खाली दूध, अशी गत होते. बोटाने हलकं दाबून सरकवलं तर वरचा पदर सुरकुततो. ही खूण दिसली की तेल जास्त झालं हे नक्की समजा.

तेल लावून एक-दोन दिवसच झाले असतील तर काम हलकं आहे. जुनं सुती कापड टर्पेंटाईनमध्ये भिजवून रगडून पुसा, मग कोरड्या कापडाने पुसा आणि फळी सावलीत वाऱ्यावर राहू द्या.

महिना उलटला असेल तर पुसून काही होत नाही, खरवडावंच लागतं. आपले मिस्तरी फुटलेल्या काचेच्या सरळ धारेने खरवडतात, आणि खरंच त्यासारखी धार पट्टीला येत नाही. हातमोजे घाला, काच पुढे कललेली धरा आणि रेषांच्या दिशेने ओढा. मऊ, मेणचट कीस निघत राहील. कोरडा, भुरभुरीत कीस निघायला लागला की थांबा. मग लाकडाचा भुसा मूठभर घेऊन टर्पेंटाईनने ओला करा आणि फळीवर चोळा. रेषांत अडकलेलं उरलंसुरलं तेल भुसा ओढून घेतो.

घासायला लोखंडी तारेचा काथ्या मात्र वापरू नका. त्याचे बारीक तुकडे लाकडात रुततात आणि पहिल्या पावसात प्रत्येक तुकड्याभोवती काळा ठिपका उमटतो. नारळाचा काथ्या, गोणपाट किंवा भांड्यांचा नायलॉनचा चौकोन घ्या.

आता नवा हात. पहिल्या हातासाठी अर्धं तेल, अर्धं टर्पेंटाईन. कापडाने चोळून लावा, वीस मिनिटं ते अर्धा तास थांबा आणि मग वर उरलेलं सगळं तेल पुसून काढा. लोक चुकतात ते इथेच. पैसे दिलेलं तेल पुसून टाकायचं जिवावर येतं. पण लाकडाने प्यायलं तेवढंच कामाचं, वर राहिलं ते घाण. पुसून झालं की फळीच्या टोकाशी डोळा आणा आणि उजेडाच्या दिशेने तिरकं पाहा. ओले चकाकणारे पट्टे दिसले तर तिथे तेल अजून उभं आहे, पुन्हा पुसा. पाच-दहा मिनिटांनी परत बघा, कारण सागाच्या रंध्रांतून तेल टिपक्या-टिपक्यांनी वर येतं. तळहात फिरवून तो कोरडा राहिला म्हणजे झालं. दुसरा आणि तिसरा हात निव्वळ तेलाचा, मध्ये दोन-चार दिवस जाऊ द्यायचे. फळीच्या कापलेल्या टोकांना मात्र पिईल तेवढं पाजा. भेगा तिथूनच सुरू होतात.

सिसमाचं लाकूड असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्याच्या अंगच्या रसायनांमुळेच तेलाचं आवळणं अडतं. सगळं नीट करूनही सिसम चिकट राहू शकतं. त्याला अळशीपेक्षा चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश बरं, आणि तेही घरातच, कारण लाखेला पाणी सोसत नाही. सागालाही अंगचा तेलकटपणा असतो. पहिल्या हाताआधी तो टर्पेंटाईनने पुसून घेतला की काम नीट होतं.

चिंध्या कोपऱ्यात टाकू नका

हे वेगळं सांगतो, कारण यात घर जळू शकतं. अळशीचं तेल घट्ट होताना उष्णता सोडतं. पसरलेल्या फळीवर ती जाणवत नाही. पण तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर आत साठलेल्या उष्णतेने तो आपोआप पेट घेतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि तशात चिंध्या कापसाच्या किंवा भुश्याच्या गोणीजवळ पडल्या तर बघायलाच नको. भुसा चोळला असेल तर तोही त्यातच धरा. काम संपलं की चिंध्या एकेक सुट्या, अंगणात दगडावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. पूर्ण कडक झाल्याशिवाय कचऱ्यात नाही.

कुठल्या महिन्यात लावावं

खान्देशात तेल बिघडण्याचं मोठं कारण सणांचं वेळापत्रक. पोळ्याला बैलांची शिंगं रंगतात तशी गाडीही सजते, आणि लोक हौसेने तिला तेल चोपडतात. पोळा श्रावणी अमावस्येला. लाकूड पावसाने फुगलेलं, हवा दमट, ऊन नाही. त्या तेलाखाली पाणी कोंडतं आणि वर बुरशी धरते. पोळ्याला गाडीला गेरूचा हात मारा, झूल घाला, तेल मात्र दिवाळीनंतर.

दुसरं टोक वैशाखाचं. आखाजी तोंडावर आली की भर दुपारी अंगणात झोपाळा काढून तेल मारायचं. उन्हाने तापलेल्या लाकडातली हवा फुगलेली असते, ती बाहेर येते आणि तेलात बुडबुडे धरतात. वरचा पदर करपल्यासारखा पटकन आवळतो, आतलं तेल दुसऱ्या दिवशीच्या उन्हात पाझरून वर येतं. शिवाय वावटळीची धूळ.

पाऊस ओसरून लाकूड सुकलं की कार्तिकापासून मार्गशीर्षापर्यंतचा काळ चांगला, आणि पुन्हा माघ-फाल्गुनाचा. ऐन पौषातल्या गारठ्यात तेल घट्ट व्हायला फार वेळ घेतं, तेव्हा घाई नसेल तरच लावा. लावायची वेळ उन्हं उतरल्यावरची. लाकूड थंड होत जातं तशी आतली हवा आकसते आणि तेल आत खेचलं जातं. आखाजीचा झोपाळा तयार हवा असेल तर होळीच्या सुमाराला काम उरका.

काळं पडलंय

काळं म्हटलं की सगळे बुरशी म्हणतात, पण काळेपणा दोन जातींचा असतो आणि एकावरचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. काळ्या जागेवर घरगुती ब्लीचचा एक थेंब टाका. दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी. तसाच राहिला तर बहुधा लोखंडाचा डाग.

बुरशीला कच्चं अळशीचं तेल म्हणजे खाद्यच. एक भाग ब्लीच, तीन-चार भाग पाणी, ब्रशने लावा, दहा-पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा, आठवडाभर वाळवा. पुढच्या वेळी डबल बॉईल तेल घ्या आणि पातळ लावा. आणि वर बघा: पन्हाळीची धार नेमकी तिथेच पडत नाही ना, तुळशीला घातलेलं पाणी खांबाच्या पायाशी साचत नाही ना? पाणी थांबवलं नाही तर कोणतंही तेल टिकणार नाही.

लोखंडाचा डाग बाभळीवर सगळ्यात वाईट. बाभळीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, खिळ्याचं लोखंड आणि पाणी भेटलं की चक्क शाई तयार होते. झोपाळ्याच्या कड्यांखाली, गाडीच्या धावांजवळ, दाराच्या बिजागरीभोवती जो निळसर काळा ओघळ असतो तो हाच. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड. प्लॅस्टिकच्या बादलीत लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅमच्या आसपास विरघळवा, हातमोजे आणि चष्मा घालून लावा. डाग डोळ्यांदेखत उतरतो. ते विषारी आहे, गुरांच्या आणि मुलांच्या वाऱ्यालाही ठेवू नका. आधी ब्लीच वापरलं असेल तर लाकूड पुरतं धुऊन, वाळवूनच हे लावा, दोन्ही एकत्र येऊ देऊ नका. मग लोखंडी खिळा काढून पितळी स्क्रू बसवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात डाग परत.

पापुद्रे सुटतायत

ही तक्रार तेलाची नाही, चकाकणाऱ्या वार्निशची आहे. उन्हातली अतिनील किरणं पारदर्शक थरातून आरपार जातात आणि लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन कुजवतात. थर शाबूत दिसतो, पण त्याच्याखालचं लाकूडच सुटलेलं असतं. त्यामुळे सुटलेल्या पापुद्र्यावर नवा थर देण्यात अर्थ नाही. सगळं खरवडून काढा.

दक्षिणेला आणि पश्चिमेला तोंड असलेल्या दाराला मी पारदर्शक काही लावूच नये म्हणतो. तेलात गेरू घाला. गेरूतलं लोहाचं ऑक्साइड ऊन अडवतं. कुंड्यांना लावायचा गेरू कापडातून चाळून थोड्या तेलात खलबत्त्यात घोटा आणि मग बाकीच्या तेलात मिसळा. नुसता ढवळला तर तळाशी बसतो. रेषा दिसत राहतील इतपतच घाला.

आणि सागाला दरवर्षी तेल लागतंच असं कुणी सांगितलं? 1817 मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेली त्रिंकोमाली ही सागाची युद्धनौका आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. साग उन्हापावसात राखाडी पडतो, पण तो सडत नाही. राखाडी रंग चालणार असेल तर अंगणातलं बाकडं उघडंच राहू द्या, वर्षातून एकदा धुवा. कटकट मुळातच संपली.

होडीचं थोडं वेगळं

हतनूरच्या जलाशयावर किंवा प्रकाशा-सारंगखेड्याकडे तापीवर लाकडी होडी असेल तर पहिली गोष्ट: समुद्रावरचे उपाय डोळे झाकून उचलू नका. लाकूड पोखरणारा जहाजकिडा खाऱ्या पाण्यातला, तापीत तो नाही. कोकणात काजूच्या टरफलांचं तेल होड्यांना लावतात. ते टिकतं, पण अंगावर उडालं तर बिब्बा उतल्यासारखे फोड येतात. गोड्या पाण्यात होडी सडते ती पाण्याबाहेरच्या भागात, जिथे पावसाचं पाणी साचतं: काठाच्या पट्ट्या, आडव्या फळ्यांची टोकं, कोपरे. तेल तिथे घाला. तळाच्या आतल्या बाजूला, जिथे पाणी साचलेलंच असतं, तिथे तेल घातलं तर फक्त काळं बुळबुळीत होतं.

उन्हाळ्यात जलाशय आटतो, होडी काठावर पालथी पडते आणि फळ्यांच्या फटी उघडतात. राळ अळशीच्या तेलात विरघळवून त्यात भिजवलेला सुताचा पिळा फटीत ठोकायची जुनी पद्धत आजही चालते. पण फटी पूर्ण रुंदावल्यावर गच्च ठोकू नका. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात आणि एकमेकींना रेटतात. होडीवर ओलं गोणपाट टाकून सावलीत ठेवली तर फटी तेवढ्या उघडतच नाहीत. राळ वितळवताना भांडं सरळ जाळावर ठेवू नका, गरम वाळूत ठेवा, आणि टर्पेंटाईन घालायचं ते चुलीपासून लांब नेऊनच. सातपुड्यातला सालईचा डिंक राळेच्या जागी चालेल का, असं विचारतात. चालत नाही. त्यात पाण्यात विरघळणारा डिंकाचा भाग असतो, ओला झाला की पांढरा पडतो.

व्हिडिओ बघून स्टॉकहोम टारची चौकशी करणारेही भेटतात. ते पाइनची खोडं-मुळं कमी हवेत जाळून काढलेलं डांबर. नॉर्वेतली मध्ययुगीन लाकडी चर्चं अजून त्याच जातीच्या डांबराने राखतात. आपल्या रस्त्यावरचं डांबर ही खनिज तेलाची वस्तू, त्याच्याशी याचा संबंध नाही. रस्त्याचं डांबर पालथ्या होडीला फासलं तर वैशाखात पघळतं आणि खाली लाकूड तापून फाटतं.

जळकं ऑईल लावलेलं असेल तर

गॅरेजमधून फुकट मिळतं म्हणून गाडीला, फाटकाला, गोठ्याच्या खांबांना जळकं इंजिन ऑईल फासतात. ते कधीच घट्ट होत नाही, त्यात इंजिनची झीज आणि जळकट घाण असते, आणि गुरं खांब चाटतात. त्यावर अळशीचं तेल दिलं तर तेही सुकत नाही. वर्षानुवर्षं चिकट राहिलेल्या लाकडाची जी वर्णनं ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आधीच्या मालकाने हेच केलेलं असतं. वास घेऊन बघा, लगेच कळतं.

शाडूची माती टर्पेंटाईनमध्ये पिठल्याइतकी घट्ट कालवा, बोटभर जाड लेप द्या, वर प्लॅस्टिक टाका. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून लेप वाळू द्या आणि खरवडा. माती तपकिरी झालेली दिसेल. माती स्वच्छ निघेपर्यंत लेप देत राहा, मग रंधा मारा. रंध्याच्या ताज्या किसालाही ऑईलचा वास येत असेल तर ती फळी झोपाळ्याला वापरू नका, आणि चुलीतही घालू नका. कुंपणाला खुंट म्हणून लावून टाका, गुरांपासून दूर.